जमिनीचा तांब्या

रामरावांचं वॉशिंग मशीन तिसऱ्यांदा दुकानात आलं, तेव्हा रहिमाबी मधल्या दारात बसून तांदूळ निवडत होती. परतूरच्या धान्याच्या मोंढ्याकडं जाणाऱ्या रस्त्यावर पुढं दुकान आणि मागं घर अशी त्यांची लांबट जागा. पडदा सरकवला की दुकानात काय चाललंय ते स्वयंपाकघरातनंही दिसे. अबुबकरनं आणि टेम्पोवाल्यानं मशीन दोन्हीकडनं धरून आत आणलं. जाता जाता टेम्पोवाला म्हणाला, "अबूभाई, हिचं माहेर इथंच करून टाका आता. दर पंधरवड्याला येऊन राह्यली."

अबुबकर हसला नाही. त्यानं प्लग लावला आणि टेस्टरचं टोक मशीनच्या पत्र्याला टेकवलं. टेस्टरमधला दिवा लागला नाही. मीटर लावून बघितलं, हाताच्या पाठीनं पत्रा चाचपला, मग पाणी भरून मशीन फिरवलं आणि पायातल्या चपला काढून ओल्या हातानं पत्रा धरला. काही नाही. मशीन आपलं गुमान घरघरत होतं.

"बघा अम्मी," तो म्हणाला, "त्यांच्या घरी करंट मारती, अन् इथं आली की गरीब गाय."

घरात मायलेकांचं बोलणं दखनीत चाले. पण अबुबकर चिडला की मराठीत येई. बाजारातली सगळी भांडणं मराठीत केलेली. रागाचे शब्द त्याला त्याच भाषेत हाताशी सापडत.

रहिमाबीला ठाऊक होतं, हा राग मशीनवरचा नव्हे. पहिल्या खेपेला त्यानं मशीनची वायर बदलली होती. दुसऱ्या खेपेला सगळं मशीन उघडून पुर्जा न् पुर्जा पुसून, सुकवून बसवला होता. दोन्ही वेळेला मशीन घरी गेलं आणि दुसऱ्या दिवशी रामरावांचा फोन आला की सुनेला पुन्हा शॉक बसला. तिसऱ्यांदा रामरावांनी फोन केला नाही. चहाच्या टपरीवर चार माणसांत ते म्हणाले, "अबू, आता शेवटचं. शुक्रवारपर्यंत झालं तर झालं, न्हाई तर मी जालन्याहून माणूस बोलावतो. तुझे वडील असते तर एका खेपेत काम झालं असतं."

रामराव माणूस वाईट नाही, बोलून गेले. पण तेवढं एक वाक्य अबुबकरच्या काळजात काट्यासारखं मोडून राहिलं. जालन्याच्या एका कंपनीच्या सर्व्हिस सेंटरात त्याला नोकरी मिळत होती. शेजारच्या मोबाइलवाल्या प्रेमला दुकानाचं शटर भाड्यानं हवं होतं. इतके दिवस अबुबकर दोघांनाही "बघू" म्हणत आला होता. त्या दिवशी टपरीवरून परत येताना त्यानं प्रेमला सांगितलं, "शुक्रवारी संध्याकाळी पक्कं सांगतो." म्हणजे काय सांगणार, ते रहिमाबीनं त्याच्या चालण्यावरनं ओळखलं.

नोकरीला तिची ना नव्हती. दारावरची 'लालमियाँ रेडिओ अँड इलेक्ट्रिक' ही पाटी आज ना उद्या उतरणारच, हेही तिला कळत होतं. नवऱ्याला जाऊन नऊ वर्षं झाली होती. पाटीवरचा 'रेडिओ' तर त्याच्याही आधी गेला होता. तिला छळत होतं ते निराळंच. आपल्याला बापाचा हात आला नाही असं मनात धरून पोरगा इथनं उठला, तर जिथं जाईल तिथं तसाच हात घेऊन जाईल. मग त्याला कोण समजावणार?

तिनं सूप खाली ठेवलं. "अबू, ती मशीन चालवतं कोण?"

"त्यांची सून. शालू."

"तिला विचारलं का, कधी लागतो, कसा लागतो?"

"रामरावकाकांशी बोललो ना मी सगळं."

"रामराव कपडे धुतात का?"

अबुबकरनं मशीनचा प्लग काढला. मग त्याला हसू फुटलं, पण ते त्यानं मिशीत दाबलं.

अबुबकरच्या बापाची, लालमियाँची रीत वेगळी होती. कुणी निरोप दिला की ते आधी त्या घरी जात. गेल्याबरोबर पिशवी उघडत नसत. पाणी मागत, टेकत, आणि घरात जी बाई ती वस्तू वापरते तिला समोर बोलवायला सांगत. पुरुष माणसं मध्येच उत्तरं देऊ लागली की हात जोडून म्हणत, "मालक, तुमचं मागनं ऐकतो." मग विचारत, कधीपासून? सकाळी की संध्याकाळी? हात ओला होता का? पायात काय होतं? आधी काय शिजवत होता? बायांना नवल वाटे. हा मिस्त्री आहे की वैद्य?

गोजरबाईंचा मिक्सर तर गावात गाजला होता. तो नेमका संकष्टीला आणि एकादशीला बंद पडायचा. एरवी महिनाभर बिनतक्रार. सासूनं ठरवून टाकलं होतं की मिक्सरला विटाळ झालाय. लालमियाँनी बसून सगळं विचारून घेतलं. उपासाच्या दिवशी गोजरबाई साऱ्या आळीचं शेंगदाण्याचं कूट करत. भांडं गळ्यापर्यंत भरत आणि वरनं झाकण दाबून धरत. कुटाला तेल सुटून त्याचा गोळा होई, मिक्सर बिचारा तापून स्वतःला बंद करून घेई. लालमियाँनी एक पेच फिरवला नाही. म्हणाले, "बाई, उपास तुमचा हाय, त्याला कामून मारता? अर्धं भांडं भरा." त्या दिवसाचं कूट मात्र त्यांनी रुमालात बांधून घरी आणलं होतं. रहिमाबीला अजून त्याची चव आठवते.

"गुरुवारी मशीन घेऊन जाशील तवा मी येते," ती म्हणाली.

"तुम्ही कशाला? लोक हसतील अम्मी. आईला घेऊन आला म्हणतील."

"हसू दे. तुझ्या अब्बांबरोबर वायरचं दुसरं टोक मीच धरायची. तवा कुणी हसलं न्हाई."

गुरुवारी सकाळी तिनं पलंगाखालची पेटी ओढली. लालमियाँच्या चौकड्याच्या रुमालात गुंडाळलेला एक काळा होल्डर, त्याला दोन लांब वायरी आणि शंभराचा बल्ब. ही लालमियाँची तपासणी. आयुष्यभर त्यांनी घराघरांतली वीज याच बल्बानं बघितली होती.

"अम्मी, मीटर हाय ना माझ्याकडं. डिजिटल."

"असू दे की. याचं काय वजन होतंय पिशवीत?"

*

रामरावांचं घर स्टेशनरोडला. दुर्गाबाई, म्हणजे रामरावांच्या आई गेल्या तेव्हा रहिमाबी भेटायला आली होती, त्याला तीन वर्षं झाली. त्यानंतर आज. टेम्पोतून उतरून फाटकाच्या आत पाऊल टाकलं आणि ती थबकली. अंगण ओळखू येईना. सारवलेली माती होती तिथं लाल-पिवळे सिमेंटचे ब्लॉक बसवले होते. दहाच वाजले होते, तरी वैशाखाच्या उन्हानं ते तव्यासारखे तापले होते. कोपऱ्यातला कडुलिंब तेवढा जागेवर होता. अंगणाच्या मधोमध तुळस असायची, दगडामातीच्या जुन्या वृंदावनात. तिथं आता मोटारसायकल उभी होती. तुळस फाटकाशेजारी एका पांढऱ्याशुभ्र संगमरवरी वृंदावनात आली होती.

"या भाभी!" रामराव ओसरीवरनं उठून पुढं आले. साठीचे, अंगानं सुटलेले, खांद्यावर पंचा. "तुम्ही कशाला उन्हाचा तरास घेतला? अन् हे काय, अबू, आईला हेल्पर ठिवलं का?"

"काकाला सांग," रहिमाबी म्हणाली, "हेल्पर जुना हाय, पगार मागत न्हाई."

नंदाबाई, रामरावांची बायको, आतून आली. तिनं "या, बसा" म्हटलं, पण आवाजात मशीनचा राग होता. न्हाणीघराच्या दाराशी मशीन बसलं. अबुबकरनं प्लग लावून टेस्टर टेकवला आणि टेस्टरचा दिवा लागला. मिणमिणता, पण लागला. त्याचं तोंड उतरलं.

"बघितलं?" नंदाबाई म्हणाली. "मी पहिल्या दिवसापासून सांगून राह्यले, मशीनच खोटी हाय. पण पगार सुनेचा, पसंती सुनेची. आपलं कोण ऐकतंय?"

शालू पाण्याचे पेले घेऊन आली होती. सत्तावीस-अठ्ठावीसची, शाळेत शिकवणारी मुलगी. सासूचं बोलणं ऐकून तिनं मान खाली घातली. रहिमाबीनं पेला घेतला आणि तिचा हात सोडलाच नाही.

"बस इथं माझ्यापाशी. कधीपासून लागतो गं?"

"दिवाळीत घेतली, तवा कायीच नव्हतं," रामराव म्हणाले.

"रामराव, तुमचं मागनं ऐकते," रहिमाबी म्हणाली, आणि अबुबकरनं चमकून आईकडं बघितलं.

शालूनं सासूकडं एकदा पाहिलं. मग म्हणाली, "होळीच्या आसपास सुरू झालं, आजी. आधी नुसत्या मुंग्या यायच्या. आता चांगला झटका बसतो."

"पायात काय असतं तुझ्या?"

"काही नाही. अनवाणीच असते मी घरात."

"नुसत्या मशीनलाच, का आणखी कशाला?"

शालू घुटमळली. "फ्रिजच्या कडीला पण कधी कधी लागतं. हात ओला असला की. मी बोलले नाही. म्हटलं, आधीच एवढं चाललंय…"

"फ्रिजला?" नंदाबाई म्हणाली. "मी दिवसातनं पन्नास वेळा फ्रिज उघडते. मला कसा एकदाबी लागला न्हाई?"

"आत्या, तुमच्या पायात चप्पल असते. टाच दुखते म्हणून डॉक्टरांनी घालायला सांगितली ना, घरातसुद्धा."

नंदाबाईनं आपल्या पायाकडं पाहिलं. जाड रबरी निळी चप्पल होती.

अबुबकर ताडकन उठला. "फ्रिजलापण लागतो, म्हंजे मशीनचा दोष न्हाई काका. पण अर्थिंग तर मी बघितलंय. बोर्डात हिरवी वायर बराबर जोडलेली हाय. मीटर दोनशे व्होल्टच्या वर दाखवतंय."

रहिमाबीनं रुमाल सोडला आणि बल्ब त्याच्या हातात दिला.

क्षणभर तो बापाच्या त्या कळकट होल्डरकडं बघत राहिला. मग त्यानं घरातली सगळी उपकरणं प्लगातून काढायला लावली आणि सगळ्यांना बजावलं, "नळाला, मोटरीला, कशालाच हात लावायचा न्हाई मी सांगेस्तवर." बल्बाच्या एका वायरीचं टोक बोर्डाच्या चालू भोकात आणि दुसरं शेजारच्या भोकात घातलं. बल्ब लख्ख पेटला. मग दुसरं टोक काढून त्यानं वरच्या मोठ्या, जमिनीच्या भोकात घातलं. बल्ब पेटला नाही. आतली तारसुद्धा लाल झाली नाही.

"आसं कसं?" रामराव म्हणाले. "मीटर तर दाखवून राह्यलं."

"मीटरला नुसता वास पुरतो, काका. बल्बला पोटभर लागतं." अबुबकरच्या आवाजात कितीतरी दिवसांनी धार आली होती. "वायर बोर्डापर्यंत ठीक हाय. पुढं जमिनीत मात्र काही पोचतच न्हाई. हल्लीच्या मशिनीतून थोडा करंट पत्र्यावर येतोच, तो हिरव्या वायरीतून जमिनीत जायला पायजे. वाट बंद झाली की तो शालूवहिनीच्या अंगातून जातो. आज झटका हाय. उद्या मशीनमधी खरोखर काही बिघडलं तर…" ते वाक्य त्यानं पुरं केलं नाही. "माझ्या दुकानात अर्थिंग चांगलं हाय, म्हून तिथं गाय व्हायची."

"मंग अर्थिंग कुठं हाय, ते बघ की."

अबुबकर हिरव्या वायरीमागं गेला. मेन बोर्डापासून ती भिंतीनं खाली उतरली होती आणि ओसरीच्या पायरीपाशी सिमेंटच्या ब्लॉकांखाली गडप झाली होती. पुढं ती कुठं गेली ते कुणाला सांगता येईना. रामराव त्या काळी जालन्याला शिकायला होते. वायरिंगचं सगळं काम वडिलांनी, दादांनी करून घेतलेलं. नंदाबाईचं लग्न त्यानंतर दोन वर्षांनी झालेलं.

"तर मंग नवा खड्डा घ्यावा लागेल," अबुबकर म्हणाला. "चांगला खोल. आंगण थोडं उखडावं लागेल."

"आंगण?" नंदाबाई उसळली. "आमच्या पोराच्या, भागवतच्या लग्नात घातलेत हे ब्लॉक. दोन वर्षं न्हाई झाली. खाली सगळा मुरूम, पहार लागत न्हाई त्याला. तीनदा मशीन नेऊन कायी झालं न्हाई, आता आमचं घर खणता का?"

"आगं, जरा…" रामराव म्हणाले, पण त्यांचाही चेहरा बदलला होता. मशीनचं खूळ आता अंगणावर आलं, असंच त्यांना वाटत असावं.

रहिमाबी कडुलिंबाकडं बघत बसली होती. तिला ठाऊक होतं. त्या अंगणात कुठं काय पुरलंय ते जगात आता तिला एकटीला ठाऊक होतं.

*

सदतीस वर्षांमागचा असाच उन्हाळा. तिच्या पोटात अबुबकर होता, सहावा महिना. गाढवावरनं आणावा तसा लालमियाँनी सायकलवरनं कोळसा आणला होता, आणि खड्या मिठाची गोणी तिच्या पायाशी ठेवून तिला टांग्यातून आणलं होतं. खड्ड्यात पाइप उभा करायचा आणि भोवती मीठ-कोळसा भरायचा, म्हणजे ओल धरून राहते. लालमियाँ मागल्या बाजूला, मोरीपाशी आखणी करत होते. मोरीचं पाणी रोज मुरेल, हा त्यांचा हिशेब.

दुर्गाबाई कमरेला पदर खोचून बघत होत्या. शाळेचं तोंड न पाहिलेली बाई, पण नजर चौकस. त्यांनी विचारलं, "ह्या पाइपाला रोज पाणी लागतं म्हणतोस?"

"व्हय माय. जमीन कोरडी पडली की ह्याचा उपयोग न्हाई."

"मंग मोरीचा भरवसा धरू नको. आज पाणी इकडं जातंय, उद्या नाली झाली की तिकडं जाईल. रोज न चुकता पाणी पडंल अशी जागा ह्या घरात एकच हाय." आणि त्यांनी तुळशीकडं बोट केलं.

लालमियाँनी कानाला हात लावले. "तिथं मी कुदळ कशी मारू, माय?"

"कुदळ मी मारते. तू माप दाखव."

आणि खरोखरच पहिले चार घाव दुर्गाबाईंनी घातले. मुरमातून ठिणग्या उडाल्या. मग लालमियाँनी कुदळ घेतली. पोटुशी बाई उन्हात उभी कशाला म्हणून दुर्गाबाईंनी रहिमाबीला कडुलिंबाखाली पाट दिला आणि वाटीत गूळ-शेंगदाणे दिले. पाइपाचं तोंड वृंदावनाच्या पायथ्याशी एका चपट्या दगडाखाली झाकलं. जाताना दुर्गाबाई म्हणाल्या, "हे आपल्या तिघांत. मालकाला पटायचं न्हाई, अन् मला रोज उत्तरं द्यायला येळ न्हाई."

रहिमाबीनं तो शब्द सदतीस वर्षं पाळला होता. आणि आता नुसता शब्दाचाच प्रश्न नव्हता. हल्ली तोंड उघडायच्या आधी मागचं-पुढचं बघावं लागतं. मुसलमान मिस्त्रीनं तुळशीच्या मुळाशी मीठ-कोळसा पुरला, एवढंच कुणी उचलून बाहेर सांगितलं तर? माय तर सांगायला नाही की कुदळ माझी होती. साक्षीला कोण? एक कडुलिंब.

तिकडं अबुबकर बल्बाच्या वायरी गुंडाळत होता. सावकाश, एकेक वेढा. आजारपणात लालमियाँ अशाच वायरी गुंडाळत बसत. तो मान वर न करता म्हणाला, "जाऊ द्या काका. तुम्ही जालन्याचा माणूस बोलवा. माझ्याच्यानं न्हाई होत."

ते ऐकलं आणि रहिमाबी उठली.

"रामराव," ती म्हणाली, "पाइप कुठं हाय ते मला म्हाइत हाय. पण ऐकून घ्या, मधी बोलू नका. मायला दिलेला शब्द मोडून राह्यले मी."

आणि तिनं सगळं सांगितलं. मोरी, तुळस, माप, कुदळ. कुदळीचंही तिनं गाळलं नाही. सांगून झाल्यावर तिनं रामरावांकडं बघितलं. रामराव पंच्याच्या टोकाशी चाळा करत राहिले. रहिमाबीला तेवढा वेळ फार लांब वाटला.

"दोन तांबे," नंदाबाई एकदम म्हणाली.

"काय?" रामरावांनी विचारलं.

"सासूबाई रोज दोन तांबे घालायच्या. एक वरनं, तुळशीला. दुसरा खाली, त्या दगडापाशी. मी नवी होते, मला वाटलं ह्या घरची रीत असंल. विचारलं तर म्हणल्या, हा जमिनीचा." ती ओसरीच्या पायरीवर बसली. "जायच्या आधी आठ दिवस मला म्हणल्या, नंदे, जमिनीचा तांब्या चुकवू नको. मला वाटलं, म्हातारीला भ्रम झाला. मी एकच घालत राह्यले. अन् मंग तर तुळसच तिकडं नेली आम्ही. ते जुनं चांगलं दिसत न्हाई म्हून."

तिचे डोळे भरले होते. रहिमाबी तिच्याशेजारी जाऊन बसली. 

रामरावांनी घसा खाकरला. "आईनं पयली कुदळ मारली म्हणता?"

"चार घाव. मी डोळ्यांनी बघितले."

"दादांना खरंच पटलं नसतं," रामराव म्हणाले आणि त्यांना हसू आलं, डोळे ओले असतानाच. "भर उन्हात तुळशीपाशी कुदळ घेऊन… हां, आईच ती." ते मागच्या पडवीत गेले आणि पहार घेऊन आले. अबुबकर पुढं झाला, पण त्यांनी पहार दिली नाही. "तू जागा दाखव," ते म्हणाले.

जागा दाखवणं सोपं नव्हतं. रहिमाबी कडुलिंबाला पाठ लावून उभी राहिली आणि पावलं मोजत निघाली. "माझी सहा, तुझ्या अब्बांची चार," ती म्हणाली. पण तेव्हाची सहा पावलं चोविशीतल्या बाईची होती. मोटारसायकल बाजूला काढून रामरावांनी तिथला ब्लॉक उचकला. खाली नुसती वाळू आणि मुरूम.

"गुडघ्यांनी पावलं खाल्ली भाभीची," रामराव म्हणाले.

"आवो, तिकडं कुठं?" नंदाबाई पायरीवरनं ओरडली. "दगड उगवतीकडं होता. म्हंजे कडुलिंबापासून लांबच्या अंगाला. मी तिथंच उभी राहून रोज दिवा लावायचे ना. सरका आणखी, दोन हात!"

दोन हात सरकून तिसरा ब्लॉक निघाला आणि वाळूखाली चपटा दगड लागला. अबुबकरनं तो उचलला. पाइपाचं तांबूस, गंजलेलं तोंड दिसलं. त्यात बोट घातलं तर पिठासारखी कोरडी धूळ.

शालू बादली भरून आणायला वळली. नंदाबाई म्हणाली, "तांब्या पण आण गं. देवघरातला."

पहिला तांब्या नंदाबाईनं घातला. जमिनीनं तो घोटभरसुद्धा वर ठेवला नाही. मग बादली. पुन्हा बादली. अबुबकरनं सगळ्यांना पुन्हा लांब उभं केलं आणि बल्ब लावला. बल्बातली तार हळूच लाल झाली, विझत्या उदबत्तीसारखी. "आणखी," तो म्हणाला. बल्ब काढून पुन्हा पाणी घातलं. शालू आणि रामराव आळीपाळीनं बादल्या आणू लागले. चहा झाला. चहानंतर बल्ब लावला तर पिवळा उजेड पडला. लख्ख नव्हे, पण समोरच्या माणसाचं तोंड उजळण्याइतका.

"सध्या भागेल," अबुबकर म्हणाला. "पण पाइप गंजलाय, मीठ-कोळसाबी संपलाय. पावसाच्या आधी पाइप नवा घालतो, ह्याच जागेवर. वर एक झाकण ठिवू, म्हंजे पाणी घालता येईल. तवर रोज बादलीभर."

त्यानं मशीन लावलं. टेस्टर टेकवला, दिवा नाही. स्वतःचा हात लावला. मग शालूला खूण केली. तिनं ओला हात भीत भीत पुढं केला, बोट टेकवलं, मग तळवा टेकवला.

"काहीच नाही," ती म्हणाली आणि लहान पोरीसारखी हसली. "आत्या, काहीच नाही!"

"थांब," नंदाबाई म्हणाली. "तू लई सोशिक, तुझं काय खरं. मी बघते." तिनं निळ्या चपला काढून बाजूला सारल्या, दुखरी टाच फरशीवर टेकली, हात बादलीत बुडवला आणि मशीनवर ठेवला. थोडा वेळ तसाच ठेवून मग ती सुनेला म्हणाली, "इतके दिवस सोसत राह्यलीस. बोलायचं न्हाई व्हय?"

शालू खाली वाकली. चपला उचलून तिनं सासूच्या पायापाशी ठेवल्या.

*

शुक्रवारी संध्याकाळी प्रेम दुकानाच्या पायरीशी आला. रहिमाबी पडद्याआड भाजी चिरत होती. विळीवरचा तिचा हात थांबला.

"काय ठरलं मंग, अबूभाई?"

"शटर न्हाई देत, प्रेम. दुसरीकडं बघ."

"अन् नोकरी?"

"नको म्हणून कळवलं. काम लई निघालंय."

"कुठं दिसंना तर काम," प्रेम दुकानातल्या रिकाम्या टेबलाकडं बघत म्हणाला आणि हसत निघून गेला.

अबुबकर पडदा सरकवून आत आला. बापाचा बल्ब पेटीत परत गेला नव्हता. टेबलाच्या वर, मीटरच्या शेजारी एका खिळ्याला टांगलेला तिला तिथनं दिसला. त्याच्या हातात पुठ्ठ्याचा एक तुकडा आणि पेन्सिल होती. तो तिच्यासमोर खालीच बसला.

"अम्मी, अब्बाने और किसके किसके घरकू अर्थिंग डाला था? याद है तुमना?"

"याद क्यों नहीं?" ती म्हणाली. "आधे घरां में नमक तो मैं च लेके गई थी."

आणि ती आठवू लागली. स्टेशनमास्तरांच्या जुन्या घरी, आडाच्या कठड्यापाशी. पिठाच्या गिरणीमागं, चिंचेखाली. शिवाजी टेलरच्या वाड्यात गुरांच्या पाण्याच्या हाळाला लागून. प्रत्येक जागेबरोबर तिला ते घर आठवे, त्या घरची बाई आठवे, कुणी ताक दिलं, कुणी उन्हातच उभं ठेवलं. अबुबकर मधलं गाळून फक्त जागा लिहीत होता. मग थोड्या वेळानं तो मधलंही लिहू लागला.

"पहले किधर जाऊं?"

"गोजरबाईकडं," रहिमाबी नकळत मराठीत आली. "तिचं हातपंपापाशी घातलं होतं. हातपंप बंद होऊन बारा वर्षं झाली, अन् तिच्या नातसुनेनं आता पाणी तापवायची मशीन बसवलीय. सकाळीच जा. पण आधी टेक, पाणी माग, अन् बाईला विचार."

अबुबकरनं मान डोलावली.

"अन् संकष्टीला जाऊ नको," ती म्हणाली. "मिक्सर गळ्यात घालील तुझ्या."